सीबीसीचा रिपोर्ट कोणत्या क्रमाने वाचावा

सीबीसी म्हणजे रक्तातील पेशींची संपूर्ण मोजणी. ही तपासणी आता तालुक्याच्या गावीही होते, रिपोर्ट संध्याकाळपर्यंत मोबाइलवर येतो आणि तिथूनच चुकांना सुरुवात होते. ठळक अक्षरांत छापलेला आकडा तेवढा पाहिला जातो, हिमोग्लोबिन कमी दिसले की औषधाच्या दुकानातून परस्पर लोहाच्या गोळ्या आणल्या जातात, तापाच्या रुग्णाच्या घरी 'पेशी कमी झाल्या' असे सगळ्यांना कळवले जाते, पण कोणत्या पेशी हे कोणी विचारत नाही. रिपोर्टमधील आकडे एकमेकांवर अवलंबून असतात, त्यामुळे ते ठरावीक क्रमानेच वाचावे लागतात. उपचार डॉक्टरांनीच ठरवायचे आहेत, मात्र रिपोर्ट कळला तर त्यांना नेमके काय विचारायचे हे रुग्णाला कळते आणि चुकीच्या गोळ्यांवर महिने वाया जात नाहीत.

एक मर्यादा आधीच लक्षात घ्यावी. रक्ताचा सुमारे ५५ टक्के भाग प्लाझ्मा या द्रवाचा आणि सुमारे ४५ टक्के भाग पेशींचा असतो. सीबीसी फक्त पेशींचा हिशेब देते. साखर, कोलेस्टेरॉल, किडनी आणि लिव्हरच्या तपासण्या वेगळ्या असतात, म्हणून सीबीसी चांगली आली यावरून 'रक्त पूर्ण तपासले, काही निघाले नाही' असे म्हणता येत नाही.

## टप्पा १: रक्त देण्यापूर्वीची तयारी

नुसत्या सीबीसीसाठी उपाशी राहण्याची गरज नसते. उपाशीपोटीची साखर किंवा लोहाच्या तपासण्या सोबत असतील तर मात्र लॅबने सांगितलेले तास पाळावेत. उपाशी राहायचे म्हणून पाणीही न पिणे ही नेहमीची चूक आहे. शरीरातील पाणी कमी झाले की रक्त दाट होते आणि हिमोग्लोबिन खऱ्यापेक्षा जास्त दिसते, शिवाय शीर सापडायलाही त्रास होतो. जोरदार व्यायामानंतर लगेच रक्त देऊ नये, कारण त्याने पांढऱ्या पेशी काही काळ वाढतात. मासिक पाळी चालू असताना सीबीसी करायला हरकत नाही.

पुढील गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: चालू असलेली औषधे, विशेषतः स्टेरॉइड, रक्त पातळ करणारी औषधे आणि लोहाच्या किंवा बी-१२च्या गोळ्या, गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असल्यास त्याची तारीख, गरोदरपण असल्यास कितवा महिना, आणि ताप असल्यास आज तापाचा कितवा दिवस.

सावधान: बी-१२ तपासायचे असेल तर त्याचे इंजेक्शन घेण्यापूर्वीच रक्त द्यावे. इंजेक्शननंतरचा आकडा वाढलेलाच येतो आणि मूळ कमतरता होती की नाही हे कळायचा मार्ग बंद होतो.

## टप्पा २: नमुना घेताना लक्ष ठेवण्याच्या गोष्टी

सीबीसीचे रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. तिच्यात ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे रसायन असते. नळीवरच्या खुणेपर्यंत रक्त भरलेले असावे. रक्त कमी आणि रसायन जास्त झाले तर पेशी आक्रसतात आणि आकडे बिघडतात. रक्त घेतल्यावर लगेच नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करायची असते. ती जोराने हलवली तर तांबड्या पेशी फुटतात, हलवलीच नाही तर बारीक गुठळ्या होतात, त्यांत प्लेटलेट अडकतात आणि रिपोर्टमध्ये त्या कमी दिसतात. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त वेळ घट्ट राहू नये.

दवाखान्यात दाखल असलेल्या रुग्णाच्या बाबतीत घरच्यांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी. ज्या हाताला सलाईन चालू आहे त्याच हातातून, सलाईनच्या वरच्या बाजूने रक्त काढले तर नमुन्यात सलाईन मिसळते आणि हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट असे तिन्ही आकडे एकदम घसरतात. अशा रिपोर्टवरून रात्री धावपळ सुरू होण्यापेक्षा दुसऱ्या हातातून रक्त घ्यायची विनंती करणे सोपे आहे.

पडताळा: सुई निघण्यापूर्वीच नळीवर तुमचे पूर्ण नाव आणि वय लिहिलेले आहे का ते पाहावे. एकाच घरातील दोघांचे रक्त एका वेळी घेतले जाते, तेव्हा अदलाबदल होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

## टप्पा ३: आकड्यांच्या आधी नाव, वय आणि एकके

रिपोर्ट हाती आला की प्रथम नाव, वय, लिंग आणि नमुना घेतल्याची वेळ वाचावी. वय-लिंग चुकले असेल तर शेजारी छापलेली नॉर्मलची मर्यादाही चुकीची लागते. लहान मुलांच्या बाबतीत हे फारच घडते. दोन-तीन महिन्यांच्या बाळाचे हिमोग्लोबिन निसर्गतःच ९ ते ११ पर्यंत उतरते आणि चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) जास्त असणे स्वाभाविक असते. प्रौढांच्या मर्यादेने पाहिले तर दोन्ही ठिकाणी आजार दिसेल.

त्यानंतर एकके पाहावीत. प्लेटलेट कुठे '२.५ लाख', कुठे '२,५०,०००', तर कुठे '२५०' आणि पुढे 'हजार प्रति मायक्रोलिटर' अशा छापलेल्या असतात. तिन्हींचा अर्थ एकच आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या नातेवाइकाने पाठवलेल्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन १२८ दिसले तर गोंधळू नये. तिथे ते ग्रॅम प्रतिलिटर मोजतात, आपल्याकडे ग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणून आपल्या पद्धतीने ते १२.८ होते.

नॉर्मलची मर्यादा निरोगी माणसांपैकी सुमारे ९५ टक्के लोक ज्यात बसतात अशी ठरवलेली असते. म्हणजे प्रत्येक आकड्यात वीस निरोगी माणसांपैकी एखादा मर्यादेबाहेर जाणारच. सीबीसीत असे वीसेक आकडे असतात. काठावरचा एखादाच आकडा ठळक छापलेला असेल, बाकी सगळे जागेवर असेल आणि माणसाला त्रास नसेल, तर त्याला आजार समजू नये.

## टप्पा ४: हिमोग्लोबिन

जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार प्रौढ पुरुषांत १३ पेक्षा कमी, गरोदर नसलेल्या स्त्रियांत १२ पेक्षा कमी आणि गरोदर स्त्रियांत साधारण ११ पेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. गरोदरपणात प्लाझ्मा पेशींपेक्षा जास्त वाढतो, त्यामुळे त्यांची मर्यादा खाली ठेवलेली असते. सततचे धूम्रपान करणाऱ्यांत आणि उंच पहाडी भागात राहणाऱ्यांत हिमोग्लोबिन मुळातच जास्त असते.

आकडा कमी निघाला तर इथे थांबून गोळ्या सुरू करायच्या नाहीत. रक्तक्षय हे ताप असल्यासारखेच एक लक्षण आहे. त्यामागे लोहाची कमतरता, बी-१२ची कमतरता, थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन नीट तयार न होण्याचा आनुवंशिक आजार), किडनीचा आजार, जुनाट संसर्ग किंवा आतल्या आत होणारा रक्तस्राव यांपैकी काहीही असू शकते. कोणते कारण ते पुढच्या दोन आकड्यांतून उलगडू लागते.

पडताळा: पेशी नेहमीच्या आकाराच्या असतील तर हिमोग्लोबिनची तिप्पट केल्यावर पीसीव्हीच्या (रक्तात तांबड्या पेशींचा भाग किती टक्के हे सांगणारा आकडा) जवळपासचा आकडा येतो. हिमोग्लोबिन १३ आणि पीसीव्ही ३९ हे जुळते. हिमोग्लोबिन १३ आणि पीसीव्ही ३० असेल तर नमुना किंवा मशीन तपासायला सांगावे.

सावधान: हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल, किंवा चालताना धाप लागणे, छातीत धडधडणे अशी लक्षणे असतील तर पुढचे टप्पे घरी वाचत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

## टप्पा ५: एमसीव्ही आणि आरडीडब्ल्यू

सीबीसीचा खरा उपयोग या टप्प्यावर आहे आणि नेमका हाच टप्पा गाळला जातो. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान. ते ८० ते १०० असावे. आरडीडब्ल्यू हा आकडा पेशींच्या आकारांत किती तफावत आहे हे सांगतो, तो साधारण साडेचौदापर्यंत असतो.

एमसीव्ही ८० च्या खाली असेल तर आपल्याकडे प्रामुख्याने दोन शक्यता पाहायच्या असतात: लोहाची कमतरता आणि थॅलेसेमिया मायनर, म्हणजे थॅलेसेमियाचे वाहक असणे. उदाहरणादाखल दोन रिपोर्ट शेजारी ठेवून पाहू. दोघींचे हिमोग्लोबिन १०.२ आहे. पहिलीच्या तांबड्या पेशी ४.२ दशलक्ष, एमसीव्ही ७६ आणि आरडीडब्ल्यू १८ आहे. दुसरीच्या तांबड्या पेशी ५.४ दशलक्ष, एमसीव्ही ६० आणि आरडीडब्ल्यू १५ आहे. फक्त हिमोग्लोबिन पाहणारा दोघींना एकच गोळी सुचवील. आता एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या संख्येने भागावे. पहिलीचे उत्तर १८ येते, दुसरीचे ११. हे उत्तर १३ पेक्षा जास्त आले तर कल लोहाच्या कमतरतेकडे असतो आणि १३ पेक्षा कमी आले तर थॅलेसेमिया मायनरकडे. दुसरीच्या शरीरात पेशी भरपूर तयार होत आहेत, पण प्रत्येक पेशी लहान आहे. लोह कमी पडले असते तर पेशींची संख्याही सहसा इतकी राहिली नसती.

हा भागाकार निदान करत नाही, पुढची तपासणी कोणती करायची एवढेच दाखवतो. पहिलीने फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करावे, दुसरीने एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी करावी. तिच्यात हिमोग्लोबिन ए-२ साडेतीन टक्क्यांपेक्षा जास्त निघाले तर थॅलेसेमिया मायनर ठरते. दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत असू शकतात आणि लोहाची कमतरता ए-२चा आकडा खाली ओढते. म्हणून लोह फारच कमी असेल तर आधी ते भरून काढून एचपीएलसी करणे, किंवा रिपोर्ट काठावर आला तर ती नंतर पुन्हा करणे योग्य ठरते. त्याला अपवाद एकच, तो म्हणजे गरोदरपण. तिथे थांबायला वेळ नसतो, तपासणी लगेच करावी आणि पत्नीत मायनर निघाले तर पतीचे रक्त त्याच आठवड्यात तपासावे. दोघेही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचा गंभीर प्रकार, होण्याची शक्यता २५ टक्के असते. सिंधी, पंजाबी, कच्छी, लोहाणा, भानुशाली या समाजांत हे प्रमाण जास्त आहे, पण इतर कोणत्याही घरात ते निघू शकते. पत्रिका जुळवताना हा एक रिपोर्ट सोबत ठेवला तर पुढचे फार मोठे दुःख टळू शकते, असे मला मनापासून वाटते.

सावधान: सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकाची सीबीसी पूर्ण नॉर्मल येऊ शकते. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या भागांतील कुटुंबांनी सीबीसी पाहून निश्चिंत होऊ नये. सिकलसेलसाठी आधी केली जाणारी सोल्युबिलिटी चाचणी 'पॉझिटिव्ह' आली तर ती व्यक्ती वाहक आहे की रुग्ण हे त्या चाचणीतून कळत नाही, त्यासाठी एचपीएलसी किंवा हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी लागते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी होते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी.

एमसीव्ही १०० च्या वर असेल तर बी-१२ किंवा फोलिक आम्लाची कमतरता, मद्यपान, लिव्हरचे आजार, थायरॉइडची कमतरता आणि काही औषधे यांचा विचार होतो. शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास आढळते. इथे होणारी गंभीर चूक म्हणजे बी-१२ न तपासता नुसते फोलिक आम्ल घेणे. त्याने हिमोग्लोबिन सुधारते, माणूस समाधानी होतो आणि इकडे बी-१२अभावी नसांचे नुकसान चालूच राहते. हातापायांना मुंग्या येत असतील तर हे विशेष जपावे.

राहिला तिसरा प्रकार: हिमोग्लोबिन कमी, पण एमसीव्ही नॉर्मल. अशा वेळी आरडीडब्ल्यूकडे पाहावे. तो वाढलेला असेल तर लोहाअभावी लहान झालेल्या आणि बी-१२अभावी मोठ्या झालेल्या पेशी एकत्र असण्याची शक्यता असते, सरासरी मात्र मधोमध येते. तो नॉर्मल असेल तर किडनीचे आजार, जुनाट आजार किंवा अलीकडचा रक्तस्राव यांची शहानिशा करावी लागते.

पडताळा: लोहाची कमतरता सिद्ध झाली तरी ती का झाली हा प्रश्न उरतोच. पाळीत अंगावरून जास्त जाणे, जंत, मूळव्याध ही नेहमीची कारणे आहेत. पुरुषांत आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांत पोट व आतड्यांतून रक्तस्राव होत नाही ना, हे पाहिल्याशिवाय नुसत्या गोळ्यांवर समाधान मानू नये.

## टप्पा ६: पांढऱ्या पेशी

एकूण संख्या ४,००० ते ११,००० असावी. त्याखाली न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल यांची टक्केवारी असते आणि ही टक्केवारीच फसवते. एकूण पेशी ३,००० असून त्यांत न्यूट्रोफिल ३० टक्के व लिम्फोसाइट ६५ टक्के असतील, तर रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट वाढल्याची खूण येते. प्रत्यक्ष हिशेब केला तर लिम्फोसाइट १,९५० म्हणजे नॉर्मल आहेत, न्यूट्रोफिल मात्र अवघे ९०० आहेत. न्यूट्रोफिल १,५०० च्या खाली कमी समजले जातात आणि ५०० च्या खाली ते असताना ताप आला तर ती तातडीची वेळ असते. म्हणून टक्केवारी एकूण संख्येने गुणून प्रत्यक्ष संख्या काढावी, किंवा रिपोर्टवर 'अ‍ॅब्सोल्यूट' म्हणून छापलेला आकडा वाचावा. इओसिनोफिलचेही तसेच. पाच हजारांतील ८ टक्के म्हणजे ४००, आणि ते ५०० च्या आत असल्यामुळे नॉर्मल आहेत.

पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणून अँटिबायोटिक सुरू करणे चूक आहे. स्टेरॉइड, गरोदरपण, शारीरिक ताण यांनीही त्या वाढतात. स्मिअरच्या, म्हणजे काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या पाहणीच्या, शेऱ्यात 'ब्लास्ट' (अपरिपक्व पेशी) हा शब्द आला तर मात्र एकूण संख्या कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

## टप्पा ७: प्लेटलेट

नॉर्मल संख्या दीड ते साडेचार लाख. ती एकदम कमी आली आणि रुग्णाच्या अंगावर लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त असे काहीच नसेल, तर पहिला प्रश्न विचारायचा: स्मिअर पाहिला का? काही जणांच्या रक्तात ईडीटीएमुळे नळीतच प्लेटलेटचे पुंजके होतात आणि मशीन त्यांना मोजत नाही. अशा वेळी सायट्रेटच्या नळीत रक्त घेऊन मोजणी पुन्हा करतात. स्मिअरमध्ये पुंजके आढळले तर तसा शेरा रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो. तो वाचावा.

डेंग्यूच्या दिवसांत सगळ्यांची नजर प्लेटलेटवर असते, पण धोका आधी पीसीव्हीत दिसतो. या आजारात रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा बाहेर झिरपतो आणि रक्त दाट होते, म्हणजे पीसीव्ही चढतो. तो मूळ आकड्यापेक्षा २० टक्क्यांनी वाढणे ही गंभीर खूण आहे. ४० वरून ४८ झाला तर डॉक्टरांना लगेच सांगावे, प्लेटलेट ९० हजार असल्या तरी. यासाठी तापाच्या सुरुवातीची सीबीसी जपून ठेवावी, कारण मूळ आकडा तिथेच मिळतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि जोखमीचे दिवस तेव्हाच सुरू होतात. ताप गेला म्हणून तपासणी बंद करणे ही या आजारातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. सतत उलट्या, पोटात जोराचे दुखणे, ग्लानी, अस्वस्थता, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त यांपैकी काहीही दिसले तर रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

सावधान: डेंग्यूच्या शंकेत अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेऊ नये. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल घ्यावे. रक्तस्राव नसताना आणि प्लेटलेट १० हजारांच्या वर असताना प्लेटलेट चढवण्याची सहसा गरज नसते, त्यासाठी डॉक्टरांवर दबाव आणू नये.

## टप्पा ८: पुढची तपासणी आणि फेरतपासणी

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, प्लेटलेट सात ते दहा दिवस, तर न्यूट्रोफिल रक्तात जेमतेम दिवसभर टिकते. फेरतपासणी किती दिवसांनी करायची हे त्यावरून ठरते. डेंग्यूत रोजची सीबीसी उपयोगी असते. लोहाच्या गोळ्या सुरू करून चार दिवसांत हिमोग्लोबिन पाहणे मात्र पैसे वाया घालवणे आहे. गोळ्या लागू पडत असतील तर सुमारे महिन्याभरात हिमोग्लोबिन १ ते २ ने वाढते. वाढले नाही तर आधी गोळ्या कशा घेतल्या हे तपासावे. चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतलेले लोह नीट शोषले जात नाही, लिंबू-आवळ्यासोबत चांगले शोषले जाते. शौचाला काळे होणे अपेक्षितच असते, तेवढ्यासाठी गोळ्या सोडू नयेत. घेण्यात चूक नसूनही आकडा हलत नसेल तर निदानच तपासून पाहावे लागते आणि थॅलेसेमिया मायनर पुष्कळदा इथेच सापडते. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवायच्या असतात, कारण शरीरातला साठा त्यानंतर भरतो. आकडा १२ झाला की डबी बाजूला ठेवणारे सहा महिन्यांत परत दहावर येतात.

फेरिटिन ताप किंवा संसर्ग असताना तपासू नये, त्या काळात ते खोटे वाढते. रक्त चढवल्यावर तीन महिने एचपीएलसी करू नये, कारण त्यात रक्तदात्याच्या पेशीही मोजल्या जातात. मधुमेहींनी रक्तक्षय असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. लोहाच्या कमतरतेत एचबीए-१-सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) खऱ्यापेक्षा जास्त आणि पेशी लवकर फुटण्याच्या आजारांत खऱ्यापेक्षा कमी येऊ शकते.

फेरतपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये करावी आणि प्रत्येक रिपोर्ट तारखेप्रमाणे फाइलला लावावा, मोबाइलमधले जुने फोटो ऐनवेळी सापडत नाहीत. थॅलेसेमिया किंवा सिकलसेलच्या वाहकाचा रिपोर्ट मात्र फाइलमध्ये ठेवून भागत नाही. तो भावंडांना, आणि मुले असल्यास त्यांनाही दाखवून त्यांची एचपीएलसी करून घ्यावी.